खापरपणजीचं गंगावन

ऋजुताच्या खापरपणजीबद्दल घरात एकूण तीन वाक्यं शिल्लक होती, आणि त्यांतलं एकही तिचं स्वतःचं नव्हतं. पहिलं वाक्य छापील. तिच्या सासरच्या कुलवृत्तांतात नवऱ्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'प्लेगात वारले. एक कन्या.' ती कन्या कुणाच्या पोटी आली, याची त्या जाडजूड ग्रंथाला काही पंचाईत पडलेली नव्हती. दुसरं वाक्य तोंडी होतं, 'ती काशीला गेली.' काशीला म्हणजे खरंच काशीला, की विहिरीत, की कुणाचा हात धरून, हे सांगणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून असे. तिसरं वाक्य बायका बोलत, आणि तेही भांडणात. 'त्या घरच्या लेकी पाळणा हलता ठेवून जातात.'

हे तिसरं वाक्य ऋजुताच्या आईनं, कुंदाताईंनी, जन्मभर ऐकलं. आता त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या, डोकं लख्ख होतं, पण हृदय थकलं होतं. मिरजेतल्या डॉक्टरांनी ऋजुताला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दिवाळी पाहतील, पुढचं सांगता येत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर कुंदाताई गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी लेकीकडे आयुष्यातली पहिली मागणी केली.

"ऋजू, माझी पणजी गेली की तिला घालवली, एवढं मला शोधून दे."

"आता? सव्वाशे-दीडशे वर्षांनी?"

"तुमच्याकडे काय काय यंत्रं निघालीत म्हणे. माझी आजी दोन महिन्यांची होती गं. म्हातारी झाली तरी दाराकडे बघायची. आई मला का टाकून गेली, हेच विचारत गेली."

ऋजुतानं लगेच हो म्हटलं नाही. ती विमा कंपनीत तीस वर्षं दावे तपासत होती. लोक कसे खोटं बोलतात, कागद कसे खोटं बोलतात, आणि खरं बोलणाऱ्याचाही कागद कसा अपुरा पडतो, हे तिच्याइतकं ओळखणारं मिरज-सांगलीत दुसरं कुणी नसेल. पण अडण्याचं कारण ते नव्हतं. दाराकडे बघत बसणं काय असतं, हे तिला दुसऱ्याच्या आजीकडून शिकायची गरज नव्हती.

ती स्वतः दीड महिन्याची असताना कुंदाताई तिला बार्शीला, तिच्या आत्याच्या पदरात टाकून अकरा महिने निघून गेल्या होत्या. कुठे, कशाला, हे तिला कधी कुणी सांगितलं नाही. परत आल्या तेव्हा केस पोरासारखे कापलेले होते. तिरुपतीला नवस फेडला, असं सांगण्यात आलं. आत्या जिवंत होती तोवर वर्षातून एकदा तरी म्हणायची, "आठ महिन्यांची झालीस, बाळसं धरलंस म्हणून दाखवायला नेलं होतं तुला तिच्याकडे. हातसुद्धा पुढे केला नाही तिनं. भिंतीकडे तोंड करून बसली." कुठे नेलं होतं, असं विचारलं की आत्या विषय बदलायची. एकोणिसाव्या वर्षी ऋजुतानं आईलाच सरळ विचारलं. तेव्हा कुंदाताई म्हणाल्या, "तुझी शपथ आहे मला. विचारू नकोस." त्यानंतर त्यांनी कधी ताकास तूर लागू दिला नाही, आणि ऋजुतानंही पुन्हा विचारलं नाही. औषधपाणी, पथ्य, दवाखाना यांत तिनं कधी कसूर केली नाही. फक्त मायेच्या बाबतीत तिचा हात आखडता राहिला, आणि तो तसा आहे हे दोघींनाही ठाऊक होतं.

तरी ती शोधाला लागली. आईनं मागितलं होतं, आणि निवृत्तीनंतर तपासायला दुसरं काही नव्हतं.

तोवर राज्यातल्या दप्तरखान्यांमधले मोडी कागद यंत्रानं वाचून काढलेले होते. नाव, गाव, साल टाकलं की क्षणात उत्तर येई. ऋजुतानं 'भागीरथी' टाकलं, कारण घरात तेच नाव चालत आलं होतं. यंत्रानं भागीरथींची रांगच उभी केली. एक प्लेगच्या छावणीत दाखल झाली होती, पण तिचं वय साठ होतं. एकीनं दिराविरुद्ध दागिन्यांची फिर्याद केली होती, आणि पुढच्याच कागदात ती निपुत्रिक निघाली. एक नदीत सापडली होती, तिला तर नावही पंचांनी अंदाजानं दिलेलं होतं. प्रत्येकीपुढे यंत्र टक्केवारी लिहून देत होतं. एवढी अनिश्चित माणसं इतक्या निश्चित आकड्यांत पाहून ऋजुताला आपल्या कंपनीची आठवण झाली.

शेवटी ती खापरपणजीच्या नवऱ्याच्या घराण्याच्या जुन्या उपाध्यायांच्या नातवाकडे गेली. हे गुरुजीही आता नव्वदीला टेकले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "भागीरथी हे तिचं नाव असेलच असं नाही, बरं का. बाईचं नाव कुणाला आठवेना, की आमचे आजोबा श्राद्धात एखाद्या नदीचं नाव घालायचे. घरचे मग तेच धरून चालायचे."

"म्हणजे आम्ही जिला भागीरथी म्हणतो, ती..."

"कुणीही असू शकते," गुरुजी म्हणाले. "काम अडायला नको म्हणून केलेली सोय ती."

घरी येऊन तिनं आईला सांगितलं की नावही गेलं. कुंदाताईंनी कपाटातून पितळी डबा आणायला लावला. डब्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं गंगावन होतं, अंबाड्यात घालायचा केसांचा लांब, दाट झुबका, वरच्या टोकाला काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधलेला. ऋजुतानं तो लहानपणी एकदोनदा पाहिला होता. ही एकच वस्तू त्या घरात आईकडून लेकीकडे येत राहिली होती. खापरपणजी विधवा झाल्यावर केशवपनाच्या आदल्या दिवशी तिच्या आईनं तिची वेणी गुपचूप कापून ठेवली, आणि तिचंच हे गंगावन केलं, अशी त्याची कथा होती.

"हे घेऊन जा," कुंदाताई म्हणाल्या. "केसांवरून सगळं कळतं म्हणे आता. पेपरात आलं होतं."

"हिचंच आहे ना हे नक्की?"

"आपल्या घरातल्या बाईचंच आहे. जुन्याला कसर लागली होती, तू लहान असताना मी नीट केलं ते."

ऋजुतानं मान हलवली आणि डबा पिशवीत घातला. दुसऱ्या कुणाचा दावा असता, तर या एका वाक्यावर तिनं दहा प्रश्न विचारले असते.

पुण्यात पाषाणच्या बाजूला ती प्रयोगशाळा होती. बाहेर लग्नाच्या कार्यालयासारखी गर्दी. कुणी आजोबांचा दात आणला होता, कुणी जावळाची पुरचुंडी, कुणी पणजोबांची पगडी, तिच्या आतल्या कापडावर घाम असेल म्हणून. पूर्वज शोधून काढण्याची लाटच आली होती त्या वर्षी. डॉ. अस्लम शिकलगार नावाचे चाळिशीतले शास्त्रज्ञ हळू आवाजात, समोरच्याला घाई नाही असं धरून बोलत.

"केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, ताई," ते म्हणाले. "त्या महिन्यात बाईनं जे खाल्लं, जे पाणी प्यायली, जी धास्ती घेतली, ते सगळं त्या सेंटिमीटरमध्ये बंद होतं. पुढे ते बदलत नाही. तिलाही बदलता येत नाही."

त्यांनी कागदावर रेघा काढून दाखवल्या. ज्वारी-बाजरी आणि भात ही पिकं हवेतला कार्बन दोन निरनिराळ्या तऱ्हांनी घेतात, म्हणून भाकरीवर वाढलेला केस आणि भातावर वाढलेला केस ओळखू येतो. माणूस उपाशी राहिलं की शरीर स्वतःचंच मांस जाळायला लागतं, आणि केसातल्या नायट्रोजनची रेघ वर चढते. गर्भारपणी तीच रेघ खाली येते. भीतीनं, ताणानं रक्तात जे द्रव्य वाढतं, तेही केसात उतरतं. ही माहिती शास्त्राला जुनीच होती. नवं होतं ते यंत्र. एका केसातून हे सगळं एकदम वाचायचं, आणि वाचलेल्या रेघांवरून त्या माणसाची महिन्या-महिन्याची हकिकत लिहून द्यायचं.

"नुसत्या रेघांवरून हकिकत कशी लिहिणार?"

"त्याला काळ, गाव, घराणं सांगावं लागतं. त्या चौकटीत ते अर्थ लावतं."

"आणि हा केस तिचाच, हे कशावरून?"

या प्रश्नावर शिकलगार खूश झाले. पेशीत एक छोटासा वारसा असतो, तो फक्त आईकडून येतो, त्यांनी सांगितलं. बापाचा त्याच्याशी संबंध नाही. मुलग्यांना तो मिळतो, पण पुढे नेतात त्या लेकीच. आणि तो पाच-सात पिढ्या जवळजवळ जसाच्या तसा जातो. "तुमचा आणि तुमच्या खापरपणजीचा अगदी एकच असायला हवा," ते म्हणाले. त्यांनी ऋजुताच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून घेतला.

मग ते थोडे घुटमळले. "काळ नक्की करून घ्यायचा तर एक जाडसर जुडगा जाळावा लागेल. तुम्ही परवानगी दिलीत तर."

"जाळायचं नाही," ऋजुता म्हणाली. ती एवढ्या जोरात बोलली, की शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं वर पाहिलं. "तिचं नाव नाही, फोटो नाही, राख कुठे पडली ते माहीत नाही. एवढंच उरलंय. यातलं काही मी जाळू देणार नाही."

"मग साल तुम्ही सांगाल ते धरू."

"एकोणीसशे दोन," ऋजुता म्हणाली. पुराव्याशिवाय जिनं तीस वर्षांत कुणाचं जन्मसालही मान्य केलं नव्हतं, तिनं हे घरात ऐकत आलेलं साल तोंडी सांगितलं आणि शिकलगारांनी ते लिहून घेतलं.

दहा-बारा दिवसांनी जुळणी आली. आईकडचा वारसा तंतोतंत एक होता. ऋजुता प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडली. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीची एक बाई आहे, आणि ती आपली आहे, हे पहिल्यांदाच कुठल्या तरी साक्षीनं सिद्ध झालं होतं. कागदांनी जिला दारात उभं केलं नाही, ती तिला आपल्याच गालाच्या आत सापडली होती, आणि त्याचा आनंद तिला आवरत नव्हता.

हकिकत आली ती गॅलरीत बसून तिनं आईला वाचून दाखवली. दुपारची वेळ होती. कुंदाताईंनी पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं आणि डोळे मिटले.

यंत्रानं लिहिलं होतं, ते असं. ही बाई भाताच्या मुलखात वाढली, बहुधा कोकणात. मग एका महिन्यापासून ज्वारी सुरू होते, म्हणजे लग्न होऊन ती देशावर आली. वर्षभरानं गर्भारपण. बाळंतपणानंतर दुसऱ्याच आठवड्यापासून खाणं तुटतं. घरात धान्य नव्हतं असं दिसत नाही, कारण जे थोडं पोटात गेलं ते चांगलं होतं. तिनं खाल्लं नाही. ताणाची रेघ त्या काळात इतकी चढलेली आहे, की ही बाई झोपतही नसावी. त्यानंतर सुमारे अकरा महिने रोज एकाच प्रकारचं, मोजकं, सामुदायिक अन्न. असं जेवण आश्रमात मिळतं, म्हणजे ती काशीला गेली ही परंपरा खरी असावी. याच काळात केसात लिथियम नावाच्या धातूचा अंश सापडतो. काही उष्ण झऱ्यांच्या पाण्यात तो असतो, तेव्हा ती एखाद्या कुंडाच्या तीर्थावर राहिली असावी. आश्रमातल्या सातव्या महिन्यात ताणाची रेघ सगळ्यांत उंच आहे. बहुधा निकटच्या माणसाच्या मृत्यूची बातमी आली असावी. केसांवर आधुनिक साबणाचा अंश आहे, तो पुढच्या पिढ्यांनी गंगावन धुतल्यामुळे असावा. शेवटी केस एका झटक्यात कापलेले आहेत.

"झऱ्याचं पाणी," कुंदाताई म्हणाल्या आणि किंचित हसल्या. "झऱ्याचं पाणी म्हणे."

"पण आई, केशवपन आधी आणि काशी नंतर, असं आपण धरून होतो. इथे उलटं निघतंय. तिकडेच कापले असतील."

"तो जेवणाचा भाग परत वाच."

ऋजुतानं वाचला. कुंदाताईंनी तो आणखी एकदा वाचायला लावला. मग त्या म्हणाल्या, "लेकराबद्दल काय लिहिलंय?"

"केसात लेकरू दिसत नाही, आई."

"नाही दिसत," कुंदाताईंनी मान डोलावली. त्या पांघरुणाची दशी बोटाला गुंडाळू लागल्या. खालच्या रस्त्यावरून नारळवाला ओरडत गेला. "तिला जेवण जात नव्हतं," त्या म्हणाल्या. "झोप नव्हती. लेकराकडे बघून तिच्या मनात नको नको ते येत असेल. आपल्या हातून काहीतरी होईल, असंही वाटलं असेल. मग घरच्यांनीच कुठे नेऊन ठेवलं असेल. असं होतं, ऋजू. होतं असं बायकांना."

"हे तू म्हणतेस. यंत्र असं काही म्हणत नाही."

"नाही. यंत्र कसं म्हणेल?" त्या म्हणाल्या. "आता तुला एवढं सगळं कळलं. तर तू काय म्हणशील? तिची चूक होती?"

या प्रश्नाचं उत्तर ऋजुता मनात चाळीस वर्षं घोळवत होती. ते तिनं कुणाला उद्देशून दिलं, हे तिलाही तेव्हाच कळत होतं. लेकी बोले सुने लागे, या न्यायानं ते तिनं खापरपणजीच्या पदरात घातलं.

"मी म्हणेन, जेवण गेलं नाही म्हणून कुणी तान्हं लेकरू सोडून जात नाही. ज्वारी होती घरात. माणसं होती. तिला जायचं होतं, ती गेली. आता हजार कारणं सापडतील, पण त्या पाळण्यातल्या पोरीला त्याचं काय? तिला आई हवी होती. मी असते तर माफ केलं नसतं."

कुंदाताईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुखावलेपणही नव्हतं. एखाद्या खटल्याचा निकाल ऐकून माणूस उठायच्या तयारीला लागतं, तशा त्या दिसल्या.

"हं. बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "तो डबा ठेव माझ्या उशाशी."

त्यानंतर त्यांनी पणजीचा विषय काढला नाही. दिवाळी त्यांनी पाहिली नाही. नवरात्रात, सकाळचा चहा घेता घेता त्या गेल्या. उशाशी डबा उघडा होता आणि गंगावन बाहेर काढून नीट विंचरून ठेवलेलं होतं. ऋजुताला वाटलं, बिचारीचा जीव त्या पणजीत अडकला होता.

महिन्याभरानं शिकलगारांचा फोन आला. काळ ठरवायची नवी पद्धत आली होती, आता जुडगा जाळावा लागत नव्हता, प्रयोगशाळेत आधी वापरलेल्या केसाचा उरलेला तुकडा पुरत होता. जुन्या केसांचा एक संग्रह ते करत होते. तपासू का, असं त्यांनी विचारलं. ऋजुतानं हो म्हटलं. आई गेल्यावर तिला कशालाच नाही म्हणायची ताकद उरली नव्हती.

दुसरा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता.

"ताई, ते केस एकोणीसशे दोनचे नाहीत."

"म्हणजे?"

"गेल्या शतकाच्या मधल्या काळात जगभर अणुबाँबच्या चाचण्या झाल्या. त्यानं हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला. तो झाडांत गेला, धान्यात गेला, त्यातून प्रत्येक माणसात गेला. चाचण्या थांबल्यावर तो दरवर्षी थोडा थोडा कमी होत आला. त्यामुळे त्यानंतरचा कुठलाही केस साल-दोन सालांच्या फरकानं ओळखता येतो. हे केस एकोणीसशे शहाऐंशी-सत्त्याऐंशीचे आहेत."

"तुमच्याकडे अदलाबदल झाली असेल," ऋजुता म्हणाली. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून पहिलं वाक्य तेच आलं.

"मलाही तेच वाटलं. म्हणून या वेळी पूर्ण वाचन केलं, आईबापांकडून येतं ते सगळं. ताई, तो केस तुमच्याशी निम्म्यानं जुळतो. खापरपणजीशी इतकं जुळत नाही, सोळावा हिस्सा फार तर. प्रत्येक जागी बरोबर निम्मं, आणि वर आईकडचा वारसाही एक, असं आई किंवा लेक यांच्याशीच जुळतं."

ऋजुताला लेक नव्हती.

शिकलगार पुढे सांगत होते. चूक यंत्राची म्हणावी तर तसं नाही. आईकडचा वारसा खापरपणजीचा, आजीचा, आईचा, तुमचा, सगळ्यांचा एकच, त्यामुळे त्यावरून बाई कोणती हे कळत नाही, फक्त रांग कळते. साल आपण सांगितलं, आणि यंत्रानं सगळ्या रेघा त्या सालात बसवल्या. जे बसलं नाही, त्यालाही कारण शोधून दिलं.

"आणि ते लिथियम?" ऋजुतानं विचारलं. आपला आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला.

"ते औषध असतं, ताई. मनाच्या आजारावरचं. बाळंतपणानंतर काही बायकांना फार मोठा झटका येतो, तेव्हा ते देत. ते एकसारखं जेवण आश्रमातलं नसावं. इस्पितळातलं असावं."

फोन ठेवून ऋजुता गॅलरीत आईच्या खुर्चीसमोर बसली. खुर्चीत बसायचं तिला धाडस झालं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण तिनं कचेरीत दुसऱ्यांना शेकडो वेळा ऐकवली होती. मोडी कागद, गुरुजी, पुणे, सगळीकडे ती हिंडली, आणि जिची हकिकत होती ती पांघरूण गुडघ्यांवर घेऊन समोर बसली होती, डोळे मिटून आपलीच हकिकत ऐकत होती. कोकणातला भात म्हणजे आईचं माहेर, ज्वारी म्हणजे सासर, बार्शी. तिरुपतीचा नवस वगैरे काही नव्हता. वेड्यांच्या दवाखान्यातून आलेली सून लोकांना कळू नये, पुढे पोरीच्या लग्नाला अडचण येऊ नये, म्हणून तान्ह्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून कुणीतरी आईकडून शपथ घेतली असणार. 'तुझी शपथ आहे मला' हे टाळाटाळीचं वाक्य नव्हतं. ते अक्षरशः खरं होतं, आणि आईनं ते शेवटपर्यंत पाळलं. स्वतःच्या तोंडानं सांगायचं नव्हतं, म्हणून तिनं केसांना सांगायला पाठवलं. केसांवर कुणी शपथ घातली नव्हती.

आणि 'जुन्याला कसर लागली होती' असं ती म्हणाली, तेही खरं होतं. खापरपणजीचे खरे केस कसरीनं खाल्ले. उरलासुरला भुगा आईनं कृष्णेत सोडला असेल. तिच्या जागी तिनं स्वतःची कापलेली वेणी बांधली, कारण त्या डब्यात दुसऱ्या कुणाची बसली नसती. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीची ती बाई गेली की तिला घालवली, हे आता जगातल्या कुठल्याही यंत्राला सांगता येणार नव्हतं. तिचं नाव नदीचं होतं, केस आईचे होते, आणि तिचं असं काहीच कुठे उरलं नव्हतं.

ऋजुतानं हकिकत पुन्हा उघडली. अकरा महिने, त्यातला सातवा. ताणाची रेघ सर्वांत उंच. बहुधा निकटच्या माणसाच्या मृत्यूची बातमी. त्या महिन्यात कुणी मेलं नव्हतं. त्या महिन्यात बाळसं धरलेली एक मुलगी तिथे दाखवायला नेली होती आणि परत आणली होती. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. आपल्या हातून काहीतरी होईल, या भीतीनं तिनं हात पुढे केला नव्हता, आणि आत्यानं ते पाहिलं तसं जन्मभर सांगितलं. केसानं मात्र ते आतून कसं झालं, ते जपून ठेवलं.

एक दावा तिच्यापुढे आला होता. तपशील पुरेसा होता, साक्ष पक्की होती, अर्जदार समोर हजर होती. ऋजुतानं तो ऐकून घेतला आणि नामंजूर केला, आणि अर्जदारानं 'बरोबर आहे तुझं' म्हणून तो निकाल मान्य केला. अपील करायला आता कुणी नव्हतं, आणि ऐकायलाही नव्हतं.

तिनं डबा आणला. गंगावन मांडीवर आडवं ठेवलं, दोऱ्याकडच्या टोकापासून पट्टीनं मोजलं आणि मागे मोजत त्या सातव्या महिन्यावर बोट ठेवलं. तिथले केस इतर केसांसारखेच होते, काळे, मऊ आणि नीट विंचरलेले. ती बोट तिथेच ठेवून बसली. खालून नारळवाला गेला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आई, जेवलीस का?"